तरुणांचे ऐकण्याची व्यवस्था

(राष्ट्रीय युवक दिनानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



१२ जानेवारी जवळ आली की आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या पत्रकारांना व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागतात. स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस १९८५ पासून राष्ट्रीय युवक दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने युवकांनी काय करावे हे सांगण्यासाठी वडीलधाऱ्यांना बोलावण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. मीही अशी भाषणे भरपूर केली आहेत. व्यायाम करा, वाचन करा, व्यसनांपासून दूर राहा, राष्ट्रासाठी वेळ द्या. त्यात चुकीचे काहीच नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी बक्षीस समारंभाला गेलो असता असा एक प्रसंग घडला, की त्यानंतर ते जुने भाषण पुन्हा करण्याचे मला धैर्य होत नाही.

समारंभ संपल्यावर अकरावीत शिकणारी एक मुलगी माझ्याजवळ आली. तिचे गाव तेथून चौदा किलोमीटर. कनिष्ठ महाविद्यालय सकाळी साडेसातला भरते आणि गावातून निघणारी पहिली बस नऊ वाजून दहा मिनिटांनी. मुलींना बारावीपर्यंत प्रवासाचा पास मोफत मिळतो, तसा तिलाही मिळाला होता. तिने तो मला दाखवला; प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपून ठेवलेला. त्या पासाचा उपयोग ती परतीच्या प्रवासात करते. सकाळी मात्र मोठ्या रस्त्यापर्यंत पायी, आणि मग जे वाहन मिळेल ते. तिने तक्रार केली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, गाडीची वेळ ठरवताना आमच्या वयाच्या कुणाला विचारतात का?"

मी तीस वर्षे पत्रकारिता करतो आहे. मंत्र्यांना, सचिवांना अडचणीचे प्रश्न विचारण्याचा मला सराव आहे. या प्रश्नाला मात्र मला प्रामाणिकपणे ‘नाही’ एवढेच उत्तर देता आले. आजचा विषय त्या ‘नाही’चा आहे.

माझी पिढी या बाबतीत भाग्यवान समजली जाते. घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. संसदेने ती १९८८च्या अखेरीस संमत केली आणि २८ मार्च १९८९ पासून ती लागू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. मी तेव्हा कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बोटाला शाई लावून बाहेर पडलो तेव्हा आपण आता राज्यकर्त्यांना प्रश्न विचारू शकतो, असे खरोखर वाटले होते. पण जरा हिशेब करून पाहा. मत अठराव्या वर्षी मिळते. विधानसभेची निवडणूक लढवता येते पंचविसाव्या वर्षी आणि विधान परिषदेची तिसाव्या. आपल्या परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत, आणि पदवीधर म्हटले की डोळ्यांसमोर तरुण चेहरा येतो. परंतु त्या यादीत नाव घालण्यासाठी पदवी मिळून किमान तीन वर्षे व्हावी लागतात. म्हणजे ज्या वयात शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती, परीक्षा, पहिली नोकरी या सर्व ठिकाणी माणसाचा शासनाशी प्रत्यक्ष संबंध येतो, नेमक्या त्याच वयात पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्यापलीकडे त्याला वाव नाही. आणि अठराच्या आतल्यांना तर तेवढाही नाही.

हा वयोमर्यादेविरुद्धचा युक्तिवाद नव्हे. पंचविशीची अट घटनाकारांनी विचारपूर्वक घातली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. निवडून येणे आणि सल्ला देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्णय घेण्याचा अधिकार लोकप्रतिनिधीचाच. पण निर्णयापूर्वी ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची काही रीतसर सोय असावी की नाही?

ती सोय नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात भोजनगृहाचे बिल वीस टक्क्यांनी वाढले. विद्यार्थी चिडले. महागाईने पिचलेला सामान्य माणूस त्यांच्या पाठीशी उभा राहिला, त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. पुढे बिहार, जयप्रकाशजी, आणीबाणी हा इतिहास येथे बसलेल्या ज्येष्ठांनी अनुभवला आहे. काहींनी तुरुंगातून अनुभवला आहे. त्या आंदोलनाचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. पण अभिमान बाळगताना एक गोष्ट नजरेआड होते. मुळात ती एका खानावळीच्या बिलाची तक्रार होती. ती ऐकून घेणारी जागा महाविद्यालयात नव्हती, विद्यापीठात नव्हती, सचिवालयात नव्हती. मग ती रस्त्यावर आली. रस्त्यावर आलेल्या प्रश्नाला गोळीबार, संचारबंदी, गेलेले वर्ष, गेलेले जीव अशी किंमत द्यावी लागते.

एवढे मागे जायला नको. पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर आणि नवी पेठ-सदाशिव पेठेच्या गल्ल्यांतून एकदा फिरून या. अभ्यासिका, कॉट बेसिसच्या खोल्या, महिन्याच्या डब्याचे फलक. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले तेथे चार-चार, सहा-सहा वर्षे राहतात. ११ मार्च २०२१ रोजी लोकसेवा आयोगाची तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. त्याआधीही ती एकाहून अधिक वेळा लांबली होती. मुले संध्याकाळी रस्त्यावर बसली आणि शेवटी २१ मार्चची तारीख मिळाली. २०२३ मध्ये वर्णनात्मक पद्धत कधीपासून लागू करायची यावरून पुन्हा आंदोलन; फेब्रुवारीत आयोगाने ती २०२५ पासून लागू करण्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये तर २५ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँकांच्या लिपिकपदाची परीक्षा एकाच दिवशी आली. पुन्हा शास्त्री रस्ता, पुन्हा ठिय्या, आणि परीक्षेला जेमतेम तीन दिवस उरले असताना ती पुढे गेली.

आता या शेवटच्या प्रकरणाकडे पाहा. दोन परीक्षा एका दिवशी आहेत हे कळण्यासाठी आयोग नेमावा लागत नाही. अभ्यासिकेतल्या कोणत्याही मुलाला ते त्याच दिवशी माहीत होते. ते वेळेवर योग्य माणसाच्या टेबलावर पोहोचेल असा मार्ग नव्हता. लोकसेवा आयोग ही घटनात्मक संस्था आहे, तिला शासनाने किंवा कोणा सल्लागाराने आदेश देऊ नये, हे मला मान्य आहे. परंतु एक पत्र लिहिणे म्हणजे आदेश देणे नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सहसा सांगितली जात नाही. २०२३च्या त्या वादात मुलांचे एकमत नव्हते. नवी पद्धत लगेच हवी म्हणणारेही अनेक होते. त्यांनी तशी तयारी केली होती. ज्यांची संख्या रस्त्यावर अधिक दिसली त्यांचे ऐकले गेले. घोषणेला पोटभेद सांगता येत नाहीत. ‘युवकांचा आवाज’ असे आपण एकवचनी म्हणतो, ते मुळातच सदोष आहे. ते आवाज अनेक आहेत, परस्परविरोधी आहेत, आणि म्हणूनच त्यांना बसून बोलायला टेबल लागते.

यावर सरकारी बाजूने एक उत्तर ठरलेले असते : युवकांसाठी आम्ही पुष्कळ केले आहे. ते खोटेही नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज आपल्या घराघरांत तिचे शिबिर केलेला कोणी ना कोणी सापडेल. युवा धोरणे केंद्राने १९८८, २००३ आणि २०१४ मध्ये केली. २००३च्या धोरणात १३ ते ३५ वर्षांचा माणूस युवक होता, २०१४च्या धोरणात १५ ते २९चा. (राजकीय पक्षांच्या युवा आघाड्यांना यांतली कोणतीही व्याख्या लागू नसते, हे आपण जाणताच.) शाळा-महाविद्यालयांतून १९६६ पासून युवा संसद भरते. मी अशा अनेक स्पर्धांचे परीक्षण केले आहे. मुले उत्तम बोलतात. पण काय बोलतात? मंत्र्याच्या भूमिकेतला मुलगा मंत्र्यासारखेच गुळमुळीत उत्तर देतो, विरोधी बाकावरचा मुलगा टेबल वाजवतो, आणि जो मोठ्यांची नक्कल अधिक हुबेहूब करतो त्याला आम्ही पहिला क्रमांक देतो. तेथे त्यांच्या वसतिगृहातल्या पाण्याचा प्रश्न कधी निघाल्याचे मला स्मरत नाही.

याहून चांगले प्रयत्नही आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. प्रेक्षक सज्जातून कामकाज पाहणाऱ्या, वहीत टिपून घेणाऱ्या त्या मुलांकडे पाहून मला नेहमी बरे वाटते. २०१५ मध्ये राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. २१ ते २६ वयोगटातील निवडक तरुण वर्षभर शासनाबरोबर काम करतात. कल्पना निश्चितच चांगली. परंतु हा तरुण शासनाचे काम करतो, तो आपल्या पिढीच्या वतीने बोलत नाही. तशी अपेक्षाही नाही. आणि दुसरे असे, की सरकार बदलल्यावर ही योजना बंद पडली, पुन्हा बदलल्यावर २०२३ मध्ये सुरू झाली. शासन निर्णयाने जन्मलेली गोष्ट शासन निर्णयाने मरते.

महाविद्यालयीन निवडणुकांचीही तीच कथा. १९९४च्या कायद्याने खुल्या निवडणुका गेल्या, गुणवत्तेच्या आधारे नेमणुका आल्या. निवडणुकांतल्या हाणामाऱ्या पाहता तेव्हा अनेकांना हायसे वाटले होते. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा आणल्या आणि २०१९ मध्ये त्या घेण्याची वेळ आली तेव्हा विधानसभा निवडणुकीमुळे स्थगित झाल्या. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी लहानांची निवडणूक थांबली.

आता तुम्ही म्हणाल, मग सल्लागार समित्या नेमाव्यात. मित्रहो, येथे मला स्वानुभव सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी युवकांच्या एका शासकीय सल्लागार समितीवर मी अशासकीय सदस्य होतो. खात्याचे नाव घेत नाही. तीन वर्षांच्या मुदतीत दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका मला बैठकीच्या दुसऱ्या दिवशी टपालाने मिळाली. दुसऱ्या बैठकीत आम्ही अकरा जण होतो. त्यांत सर्वांत तरुण सदस्य एकेचाळीस वर्षांचे. बटाटेवडे चांगले होते. मी ग्रामीण वसतिगृहांच्या अधीक्षकपदांविषयी एक टिपण दिले होते. इतिवृत्तात नोंद झाली, ‘सदस्यांनी उपयुक्त सूचना केल्या.’ कोणत्या, ते लिहिलेले नव्हते. त्यानंतर मुदत संपल्याचे पत्रसुद्धा आले नाही.

म्हणून नुसती समिती नेमा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. समिती कशी नेमली आणि तिच्या बोलण्याचे काय झाले, यावर सर्व काही अवलंबून आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण मला या संदर्भात उद्बोधक वाटते. हे राजधानीचे वॉशिंग्टन नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरचे, सिअॅटल शहर ज्यात आहे ते. तेथील विधिमंडळाने २००५ मध्ये युवकांचे एक सल्लागार मंडळ स्थापन केले. सदस्य २२, वय १४ ते १८. कामाचे स्वरूप कायद्यातच लिहिलेले आहे : येऊ घातलेल्या विधेयकांवर विधिमंडळाला सल्ला देणे, समित्यांपुढे मत मांडणे, आणि दरवर्षी अहवाल सादर करणे. विषयांची यादीही पाहण्यासारखी आहे. शिक्षण आणि रोजगार तर आहेतच. शिवाय व्यसने, मानसिक आरोग्य, घर नसलेली मुले, पालकांविना वाढणारी मुले. तिकडचे सारे उचलून इकडे आणावे असे मी म्हणत नाही, तो माझा पिंडही नाही. त्यांच्या शाळा निराळ्या, त्यांची कुटुंबे निराळी. पण हे मंडळ मुख्यमंत्र्याच्या मर्जीवर नव्हे तर कायद्यावर उभे आहे, आणि त्यात चौदा वर्षांच्या मुलीला विधेयक हातात घेऊन बोलण्याचा अधिकार आहे, एवढे घेण्यासारखे आहे. आपल्याकडे केरळने २०१४ मध्ये युवा आयोगाचा कायदा केला, तोही या दिशेने.

महाराष्ट्राने काय करावे? मला सुचते ते असे. ३६ जिल्ह्यांतून प्रत्येकी दोन, एक मुलगा आणि एक मुलगी, वय १६ ते २४. मुदत दोन वर्षे, पुनर्नियुक्ती नाही. अर्ज मागवावेत, प्राथमिक चाळणी करावी आणि त्यापुढची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. चिठ्ठीवर हसू नका. नेमणूक मंत्र्याकडे ठेवली तर कार्यकर्त्यांची मुले येतील, वक्तृत्वावर ठेवली तर चार शहरांतली चुणचुणीत मुले येतील. मला त्यात आयटीआयचा फिटर हवा आहे, नंदुरबारच्या आश्रमशाळेतील मुलगी हवी आहे, आणि ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेल्यामुळे ज्याची शाळा सुटली असा बीडचा मुलगा हवा आहे. हंगामी वसतिगृह ऑक्टोबरात सुरू व्हायला हवे की डिसेंबरात, हे त्याच्याइतके कोणत्याही उपसचिवाला ठाऊक नाही. त्याला मुंबईला येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी लागेल. ती द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्तर. मंडळाने दिलेल्या प्रत्येक शिफारशीला संबंधित खात्याने साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवावे. मान्य असेल तर कधी करणार, अमान्य असेल तर का. केंद्र शासनाने २०१४ मध्ये धोरण आखले, की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. राज्यानेही ही शिस्त पाळली, तर शिक्षण, क्रीडा, रोजगार यांसंबंधीचे मसुदे त्या तीस दिवसांत या मंडळापुढे यावेत. रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवीत. त्यासाठी त्यांना कोणत्या कायद्याची गरज पडली नाही. सर्वच जण म्हाळगी नसतात, म्हणून नियम करावा लागतो.

या सूचनेवर मित्रांकडून दोन आक्षेप मला ऐकावे लागले. एक, एवढ्या लहान मुलांना काय कळते? हा आक्षेप घेणारे गृहस्थ ज्ञानेश्वरांचे वय मोठ्या अभिमानाने सांगतात. आपल्या कठोपनिषदात नचिकेत्याची कथा आहे. वडील दानात भाकड, थकलेल्या गाई देताना त्याने पाहिले आणि प्रश्न विचारला. वडील संतापले, ‘तुला मृत्यूला देतो’ म्हणाले. मुलगा यमाच्या दारी गेला, यम घरी नव्हता, तीन रात्री उपाशी थांबला. परत आल्यावर यमाने काय केले? अतिथीला तिष्ठत ठेवल्याबद्दल तीन वर दिले आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली. आपल्या खात्यांनी निदान यमाइतके सौजन्य दाखवायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच घरातून येतो. कार्यकर्ते म्हणतात, असे मंडळ झालेच तर त्यात आपली मुले असली पाहिजेत. मी समजू शकतो. आपल्या संघटनांतून घडलेली मुले खरोखर चांगली असतात. कष्टाळू असतात, प्रवासाला कंटाळत नाहीत. पण आपले सरकार असताना आपण आपली मुले बसवली, तर उद्या दुसरे सरकार त्यांची बसवील, आणि त्या खुर्च्यांवर बसून सर्व मुले आपापल्या नेत्यांना हवे तेच बोलतील. मग त्या अकरावीतल्या मुलीची बस कोण काढणार? ती कोणाच्या बाजूची आहे हे मी तिला विचारले नाही. तुमच्यातील जे शासनात आहेत, किंवा शासनातल्यांच्या जवळ आहेत, त्यांनी या एका बाबतीत हात आखडता घ्यावा, अशी माझी विनंती आहे. सोपी नाही, याची मला कल्पना आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे काहींच्या मनात असेल. मी तिला अर्ज लिहायला सांगितले. तिने लिहिला, तीन गावांतल्या ४३ मुलामुलींच्या सह्या घेतल्या आणि आगारात नेऊन दिला. दिवाळीनंतर तिचा फोन आला. उत्तर आले आहे : ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविण्यात आला आहे.’ ती मला विचारत होती, वरिष्ठ कार्यालय कुठे असते. मी तिला पत्ता दिला आहे. या महिन्यात तिची सहामाही आटोपली, की ती आणि आणखी दोघीजणी तेथे जाणार आहेत.

माझी वेळ संपली, असे घड्याळ सांगते आहे. प्रश्नांच्या चिठ्ठ्या अध्यक्षांकडे जमा होत आहेत. संयोजकांना एवढेच सुचवतो, की ज्यांचे वय पंचवीसच्या आत आहे त्यांच्या चिठ्ठ्या आधी घ्याव्यात.